स्मॉलव्हिलचा आठवा सीझन डीव्हीडीवर घ्यावा का? लेक्स नाही म्हणून मन होईना

औशाकडचा_धाकटा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागंल पण पूर्ण वाचा ही विनंती.

मी औसा तालुक्यातला. २००९-१० ला मोठा भाऊ आणि मी लातूरला शिकायला रूम करून राहायचो. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत एक सीडी लायब्ररी होती, दिवसाला दहा रुपये भाडं, तिथून आणून आणून आम्ही स्मॉलव्हिलचे, म्हणजे तरुणपणीच्या सुपरमॅनच्या अमेरिकन मालिकेचे, पहिले सात सीझन बघितले. लोडशेडिंगचं टाइमटेबल पेपरातनं कापून भिंतीला चिकटवलेलं होतं, ते बघून मग डिस्क कधी आणायची ते ठरायचं, कारण भाडं चोवीस तासाचं आणि लाईट जायची सहा-सहा तास. दादाचं इंग्रजी बरं होतं, मधी मधी पॉज करून तो मला सांगायचा कोण काय म्हणालं. हिरो क्लार्कचा, म्हणजे पुढच्या सुपरमॅनचा, बाप जोनाथन केंट छातीला हात लावून शेतात पडतो तो भाग बघितल्यावर दादा उठून बाहेर गेला होता आणि लई वेळ आलाच नाही. आमचे वडील जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

सातव्या सीझनच्या शेवटी बर्फातला तो किल्ला कोसळतो, क्लार्क आणि त्याचा मित्राचा वैरी झालेला लेक्स दोघंही आत, आणि तिथंच संपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दुकानासमोर जाऊन उभं राहिलो, तर दुकानदार म्हणाला आठवा आला नाही बाबा अजून. मग परीक्षा आली, मग दादा पुण्याला लागला, आणि पुढं ते दुकानच मोबाईल रिचार्जचं झालं. तेव्हापासून आमचं स्मॉलव्हिल तिथंच अडकलंय.

आता विषय असा की जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडं आठव्या सीझनचा डीव्हीडी बॉक्स दिसला, ओरिजिनल आहे म्हणतो, अमेरिकेतला, चौदाशे सांगायलाय. दादा दिवाळीला चार दिवस गावी येणार आहे. घरी जुना डीव्हीडी प्लेअर आहे, गेल्या आठवड्यात लावून बघितला, चालतो. गावाकडं रेंज अशी की पत्र्यावर चढल्याशिवाय फोन लागत नाही, त्यामुळं ऑनलाईन बघायचं तर सांगूच नका.

माझ्या शंका अशा. एक तर लेक्स नाही, क्लार्कचं जुनं प्रेम लाना जवळजवळ नाही असं ऐकलंय, मग राहिलं काय त्यात, बघण्यासारखा आहे का? दुसरं म्हणजे अमेरिकेतली डिस्क आपल्या प्लेअरवर चालंल का, का रिजनचं काही लफडं असतं? आणि ओरिजिनल आहे हे ओळखायचं कसं, कारण चौदाशे रुपये देऊन घरी राईट केलेली डिस्क पदरात पडली तर वाईट वाटंल. अजून एक, सातव्यात वीसच भाग का होते? दादा तेव्हापासून म्हणायलाय की दुकानदारानं एक डिस्क दिलीच नाही.

पैठणगेट_ताई

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे दुकानदारावरचा आळ जाईल. सातवा सीझन वीस भागांचाच आहे. नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ हॉलिवूडच्या लेखकांचा संप होता, शंभर दिवस, त्यात बहुतेक सगळ्या मालिकांचे भाग कापले गेले. बाकीचे सीझन २१ ते २३ भागांचे आहेत, दहा मिळून २१७. आठव्यात पूर्ण २२ आहेत.

आता मुख्य. घ्या. दहा सीझनमधला माझा सगळ्यात आवडता हाच आहे आणि मी तो तीनदा पूर्ण बघितलाय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, पण पुढचं फोडणार नाही.

लेक्स नाही हे खरं. मायकेल रोझेनबॉम सातव्यानंतर निघून गेला. लाना म्हणजे क्रिस्टिन क्रूक फक्त पाच भागांत येते. एवढंच नाही, ज्या दोघांनी ही मालिका उभी केली ते आल्फ्रेड गॉफ आणि माइल्स मिलर पण सातव्यानंतर सोडून गेले, आणि आतच काम करणाऱ्या चार लेखकांनी ती हातात घेतली. म्हणजे सप्टेंबर २००८ ला आठवा सुरू झाला तेव्हा घरातली कर्ती माणसं सगळी गेलेली आणि घर मात्र चालवायचंय अशी गत होती. मला वाटतं त्यामुळेच त्यांनी जे सात वर्षं टाळलं ते करून टाकलं, क्लार्कला गावातून उचलून शहरात नोकरीला नेला.

पहिलाच भाग, ओडिसी. क्लार्क रशियात कुठेतरी मजुरांच्या छावणीत आहे, अंगात शक्ती नाही, साधा माणूस, मार खातोय, रक्त येतंय. इकडे त्याचा साथीदार ऑलिव्हर क्वीन आणि त्याची माणसं त्याला शोधतायत. जुना मित्र जॉन जोन्झ स्वतःची शक्ती घालवून बसतो ती क्लार्कला परत उभं करण्यासाठी. आणि भागाच्या शेवटी क्लार्क शर्ट खोचून डेली प्लॅनेट या पेपरच्या ऑफिसात येतो, बातमीदार लोइसच्या समोरच्या टेबलावर. त्या दृश्यात मारामारी नाही, उडणं नाही, काही नाही, एक पोरगं पहिल्या दिवशी कामावर आलंय इतकंच. मी स्वतः जालन्याहून इथे नोकरीला आले तेव्हा पहिल्या दिवशी माझी पिशवी कुठे ठेवायची हेच कळत नव्हतं, मांडीवर घेऊन बसले होते दुपारपर्यंत. ते सगळं आठवलं.

आणि तुम्ही औशाचे म्हणून मुद्दाम सांगते. या सीझनमध्ये क्लार्क दिवसा मेट्रोपोलिस शहरात काम करतो आणि राहतो शेतावरच. वडील नाहीत, आई वॉशिंग्टनला गेलेली, एवढं मोठं घर आणि हा एकटा. कोठार तसंच आहे, लाल रंगाचं, त्यातला वरचा माळा, जिथून तो दुर्बिणीतून बघायचा, तो पण तसाच. शेत विकून टाक असं कुणी त्याला म्हणत नाही, पण तो ते सांभाळतोय कुणासाठी हा प्रश्न न बोलता सारखा पडद्यावर असतो. आपल्याकडे गावोगाव अशी घरं आहेत की नाहीत सांगा, पोरगा पुण्याला, आई कधी इकडे कधी तिकडे, आणि सोयाबीन काढायला शनिवार-रविवारी येऊन जायचं. परदेशातल्या मालिकेत मला आपली ही गोष्ट दिसली ती या सीझनमध्येच.

लोइस आणि क्लार्क यांच्यासाठी पाचवा भाग नीट बघा, कमिटेड. दोघांना एका माणसानं डांबलंय, खोटं बोललं की शॉक देणारं मशीन लावलंय, आणि लोइसला विचारतो याच्यावर तुझं प्रेम आहे का. लोइस झालेल्या एरिका ड्युरन्सनं तिथं जे केलंय, ती उत्तर द्यायच्या आधी एकदा क्लार्ककडे बघते आणि लगेच नजर काढून घेते, तेवढ्यात सगळं आलं. दहावा भाग ब्राइड, लग्न केंटांच्या कोठारात आहे, तो तर दादासोबत बसूनच बघा, मधून कुणाला उठू देऊ नका.

लेक्सच्या जागी टेस मर्सर आहे, कॅसिडी फ्रीमन. सुरुवातीला आवडणार नाही. थांबा थोडं.

रिपेरिंगवाला_नांदेड

ताईंनी गोष्टीचं सांगितलंय, मी मशीनचं सांगतो. वीस वर्षं झाली टीव्ही, डीव्हीडी, होम थिएटर रिपेर करायलो, आजबी महिन्याला दोन-चार प्लेअर येतातच दुकानावर, लोक वाटतंय तेवढे डिस्क सोडून गेलेले नाहीत, खास करून लग्नाच्या कॅसेटा डीव्हीडीवर करून घेतलेल्या असतात ना त्या बघायला.

रिजनचं असंय भाऊ. डीव्हीडीला जगाचे भाग पाडलेत, अमेरिका आणि कॅनडा एक नंबर, आपण पाच नंबर. एक नंबरची डिस्क पाच नंबरच्याच प्लेअरमधी टाकली तर पडद्यावर सरळ लिहून येतं की चालणार नाही. पण आपल्याकडं जे साधे प्लेअर विकले गेले त्यातले लई सगळे आधीपासूनच सगळ्या रिजनला खुले होते, आणि जे नव्हते ते ट्रे उघडून रिमोटवर ठराविक आकडे दाबले की एक लपलेला मेनू निघतो त्यात खुले करता येतात. आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे, तुमचं मॉडेल मागं स्टिकरवर असंल ते इथं टाका, मी सांगतो. लॅपटॉपमधी मात्र जपून. लॅपटॉपच्या ड्राइव्हला रिजन पाचच वेळा बदलता येतं, पाचव्यांदा जे ठेवलं ते कायमचं.

दुसरी गोष्ट, जी लोक विसरतात. टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती आहेत, अमेरिकेतली डिस्क एनटीएससी असते, आपली पाल. एनटीएससीमधी पडद्याच्या रेषा ४८०, पालमधी ५७६. प्लेअर दोन्ही वाचतो पण घरचा टीव्ही जुना डबा असंल आणि निव्वळ पालचा असंल तर चित्र काळंपांढरं दिसतं नाहीतर वरखाली पळायला लागतं. घाबरायचं नाही, डिस्क खराब नाही, प्लेअरच्या सेटिंगमधी टीव्ही टाइप पाल करायचं, मग चित्र येतंय. एलईडी टीव्ही असंल तर काहीच प्रश्न नाही, फक्त नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन लावायची जागा नसते कधी कधी, मग एक छोटा कन्व्हर्टर डबी लागते, कुठल्याबी मोबाईलच्या दुकानावर मिळतीया.

तसं बघितलं तर एनटीएससी मिळालेली चांगलीच. ह्या मालिका सेकंदाला चोवीस चित्रांनी बनतात आणि पालमधी त्या पंचवीसनं पळवतात. म्हणजे बेचाळीस मिनिटांचा भाग चाळीस मिनिटांत उरकतो, आवाजबी किंचित बारीक लागतो. अमेरिकेतल्या डिस्कवर माणसाचा आवाज आहे तसा ऐकू येतो.

आता ओरिजिनल कसं ओळखायचं. डिस्क उलटी करा आणि उजेडात धरा. कंपनीत छापलेली डिस्क खालून चांदीसारखी दिसती, आणि दोन थरांची असली, म्हणजे साडेआठ जीबीची, तर जरा सोनेरी झाक असती. मालिकेच्या सेटमधल्या डिस्क बहुतेक दोन थराच्याच असतात कारण एकीवर चार-चार भाग बसवायचे असतात. जांभळट दिसली की समजायचं घरी राईट केलीया. तिच्यात खड्डे छापलेले नसतात, रंगाचा थर असतो, तो उन्हानं आणि वयानं उडतो. मधल्या भोकाजवळ जो काचेसारखा गोल असतो तिथं ओरिजिनल डिस्कवर बारीक आकडे कोरलेले असतात, बोट फिरवून नाही कळत, तिरकं धरून बघावं लागतं. विकणाऱ्याला म्हणा सहाच्या सहा डिस्कांचा खालून फोटो पाठव. नाही म्हणला तर घेऊ नका.

ओरखड्याचं पण सांगून ठेवतो. मधून बाहेरच्या दिशेनं, सरळ रेघ गेलेली असंल तर चिंता नाही, प्लेअर ती भरून काढतो. गोल, डिस्कच्या चकराच्या दिशेनं गेलेला ओरखडा वाईट, कारण माहिती त्याच दिशेनं लिहिलेली असती, एकाच जागी लई माहिती एकदम जाती. म्हणून पुसताना पण मधून बाहेर पुसायचं, ताट पुसल्यावाणी गोल गोल कधीच नाही. मऊ सुती कापड, जुनं धोतर सगळ्यात चांगलं.

आणि एपिसोडच्या मधीच अर्धा सेकंद चित्र थबकलं तर प्लेअरला मारू नका. पहिला थर संपून लेझर दुसऱ्या थरावर जायलाय, इतकंच असतंय.

परभणी_मोंढा

मी उलटं मत देतो, राग मानू नका कुणी.

ताईंनी जे लिहिलंय ते पहिल्या निम्म्या सीझनबद्दल खरं आहे. पण मी हा सीझन डूम्सडेसाठी बघायला घेतला होता. कॉमिकमध्ये १९९२ साली सुपरमॅनला मारणारा हा राक्षस, लहानपणी परभणी स्टेशनवरच्या पुस्तकाच्या स्टॉलवर त्या कथेचं चित्र बघितलं होतं, फाटक्या झेंड्यासारखा लाल झगा खांबाला लटकलेला, ते डोक्यातून जातच नाही. त्याची वाट बघत बावीस भाग काढले. सॅम विटवर डेव्हिस ब्लूम झालाय, ॲम्ब्युलन्सवर काम करणारा साधा माणूस, ज्याला हळूहळू कळायला लागतं की रात्री आपल्या हातून काहीतरी होतंय, आणि तो माणूस काम इतकं जबरदस्त करतो की त्याची दया येते. हे सगळं बांधत बांधत आणलं आणि शेवटच्या भागात क्लार्क आणि त्या राक्षसाची जी टक्कर व्हायची ती दोन-तीन मिनिटांत उरकली. मी रिमोट हातात घेऊन मागं जाऊन बघितलं की माझ्या डिस्कचा काही भाग उडाला का. नव्हता उडाला.

पैसे नव्हते त्यांच्याकडं तेवढे, हे मला समजतं, टीव्हीचं बजेट असतं. पण मग वर्षभर आशा लावायची नव्हती. आपल्याकडं जत्रेत रात्रभर कुस्त्यांची वाट बघायची आणि शेवटची मानाची कुस्ती हात मिळवून सोडवायची, तसं वाटलं मला.

डेली प्लॅनेटचा फोटोग्राफर जिमी ऑल्सन, त्याचं शेवटी काय केलंय ते सांगत नाही, पण ते मला आजही पटलेलं नाही.

त्यामुळं चौदाशे मला जास्त वाटतात. हजाराच्या आत मिळत असंल तर घ्या. आणि घेतलाच तर सहाव्या डिस्कवरच्या जादाच्या गोष्टी सोडू नका, तो राक्षस कसा बनवला त्याच्यावर एक छोटी फिल्म आहे, सूट कसा बसवला, माणूस आत कसा उभा राहिला. ती मला शेवटच्या भागापेक्षा जास्त आवडली हे मनापासून सांगतो. क्लार्क झालेल्या टॉम वेलिंगनं स्वतः दिग्दर्शन केलेला इनजस्टिस हा एकविसावा भाग आहे, त्याच्यावरपण एक आहे.

पैठणगेट_ताई

परभणीकर दादा, टक्कर थोडक्यात उरकली हे मला मान्य आहे, तिथं मी वाद घालणार नाही, मलाही तेव्हा वाईट वाटलं होतं. पण तुम्ही राक्षसाची वाट बघत होतात आणि मी डेव्हिसची. तो स्वतःच्या आतल्या राक्षसाला घाबरलेला, आणि क्लार्क म्हणत राहतो की आतल्या माणसाला वाचवता येईल. त्या दोघांचं भांडण म्हणजे माझ्यासाठी खरी कुस्ती होती आणि ती पूर्ण झाली. क्लार्क बरोबर होता का चूक हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जिमीबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. जिमी झालेल्या ॲरन ॲशमोरनं वर्षभर इतकं जीव लावून काम केलं होतं.

धाकटे भाऊ, एक राहिलं. अकरावा भाग लिजन, तो जेफ जॉन्सनं लिहिलाय, जो मुळातला कॉमिकचा लेखक. भविष्यातून तीन जण येतात आणि त्यांना क्लार्कबद्दल सगळं माहिती आहे, म्हणजे तो पुढे कोण होणार ते, फक्त समोर उभ्या असलेल्या क्लार्कलाच ते माहिती नाही. तो भाग बघताना मला रडू आलं होतं, का आलं ते सांगता येत नाही.

तेरणाकाठी

ब्लू-रे बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहायलो. आठवा सीझन डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्हीवर एकाच दिवशी आला, २५ ऑगस्ट २००९, म्हणजे औशाच्या भावाला दुकानदारानं नाही म्हणलं तेव्हा अमेरिकेत नुकताच निघाला असंल नाहीतर निघायचा असंल, त्याचा दोष नाही.

चित्र ब्लू-रेचं कितीतरी चांगलं आहे, १०८० रेषा. पण घरी साधा डीव्हीडी प्लेअर असंल तर त्याच्यात ब्लू-रे चालत नाही, लेझरच वेगळा लागतो, डीव्हीडीचा लाल आणि त्याचा निळा-जांभळा. प्लेअर नवा घ्यावा लागतो आणि आपल्या धाराशिवात तरी मला मिळाला नाही, सोलापूरलापण नाही, शेवटी हैदराबादहून आणला. चार दिवसांच्या दिवाळीसाठी एवढं करू नका. ब्लू-रेला माहितीचा थर अगदी वरच असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका आत, डीव्हीडीचा मात्र बरोबर मधी दोन थाळ्यांच्या बेचक्यात सुरक्षित असतो. हाताळायला लेकरंबाळं असलेल्या घरात डीव्हीडीच बरी.

एकच सल्ला. बॉक्स पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मेमध्ये आमच्याकडं ४२-४३ च्या पुढं जातंय, पत्र्याखाली तर विचारूच नका. मी तिसरा सीझन वरच्या खोलीत ट्रंकेत ठेवला होता, दोन डिस्क बशीसारख्या वाकल्या. आता धान्याच्या कोठीशेजारी, खालच्या थंड खोलीत ठेवतो, उभ्या, एकावर एक नाही.

औशाकडचा_धाकटा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

नांदेडचे दादा, मॉडेल नंबर मेसेजमध्ये टाकलाय. विकणाऱ्याला फोटो मागितले, त्यानं चारच पाठवले, मी म्हणलं सहा पाहिजेत, मग दोन दिवसांनी सहा आले. पाच खालून हलक्या सोनेरी आहेत, पण तिसरी डिस्क फोटोत जांभळी दिसायलीय. काय करू?

रिपेरिंगवाला_नांदेड

तिसरीचा फोटो पुन्हा दिवसाउजेडी काढायला लावा, खिडकीजवळ, बल्बखाली नाही. एलईडी बल्बखाली चांदीबी निळी दिसती. आणि वरच्या बाजूचा फोटो पण मागा, छापलेलं चित्र बाकीच्या पाचशी जुळतंय का बघा. राईट केलेल्या डिस्कवर चिकटपट्टीचा स्टिकर असतो, कडा उठलेल्या दिसतात.

रिमोटचे आकडे मेसेजला पाठवलेत. आधी ट्रे उघडा, मग आकडे, मग बंद. नऊ आलं की झालं, म्हणजे सगळे रिजन खुले.

औशाकडचा_धाकटा

दिवाळी झाली, उशिरा लिहायलो, माफ करा.

तिसरी डिस्क चांदीचीच निघाली, खिडकीतल्या फोटोत बरोबर दिसली. तेराशेला तुटलं. पार्सल लातूरला मामाच्या पत्त्यावर मागवलं आणि धनत्रयोदशीला एसटीनं गावी घेऊन गेलो. दादाला सांगितलं नव्हतं.

प्लेअरला नऊ आलं. टीव्ही आमचा जुना डबाच आहे, पहिल्यांदा लावलं तर चित्र काळंपांढरं आणि वरखाली, नांदेडच्या दादांनी लिहिलं होतं तसंच तंतोतंत, मग सेटिंगमध्ये पाल केलं आणि रंग आले. दादा चहाचा कप घेऊन आत आला, समोर निळी अक्षरं आणि ते गाणं सुरू झालं, तर तो उंबऱ्यातच उभा राहिला. हे कुठून आणलंस म्हणाला. मी म्हणलं बस आधी. आई पण बसली थोडा वेळ, तिला काही समजत नव्हतं पण क्लार्क छावणीत मार खायला लागला तेव्हा म्हणाली, अरे ह्याला तर काही होत नव्हतं ना? म्हणजे तिला आठवत होतं, आम्ही सुट्टीला गावी यायचो तेव्हा सांगायचो तिला.

ताई, कमिटेड बघितला आणि दादानं ते लोइसचं नजर काढून घेणं दोनदा मागं घेऊन बघितलं, मी तुमचं लिहिलेलं त्याला आधी सांगितलं नव्हतं. ब्राइड लक्ष्मीपूजनाच्या रात्री बघितला, मधून कुणाला उठू दिलं नाही, फटाके वाजायले होते बाहेर आणि आम्ही आवाज वाढवत गेलो.

परभणीच्या दादांना सांगायचं म्हणजे शेवटचा भाग अजून बघितलेला नाही. चार दिवसांत पंधरा भाग झाले. पंधरावा बघताना एका जागी चित्र अडकलं, चौकोन चौकोन आले, छातीत धस्स झालं. काढून बघितली तर बोटाचा ठसा, आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा आईनं फाडून दिला, मधून बाहेर पुसली, आणि पुढं नीट चालली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दादाची गाडी होती. बॉक्स बरोबर घेऊन जा म्हणलं तर नाही म्हणाला, इथंच राहू दे. धान्याच्या खोलीत, उभा ठेवलाय. तो संक्रांतीला येणार आहे दोन दिवस. राहिलेले सात भाग तोपर्यंत मी एकट्यानं बघायचे नाहीत असं कबूल केलंय, त्यामुळं डूम्सडेबद्दल इथं कुणी अजून काही लिहू नका, मी रोज येऊन वाचायलोय.

नववा सीझन कुणाकडं असंल तर कळवा. चांदीची किंवा सोनेरी, सहाच्या सहाचा फोटो खिडकीजवळचा.